तपासताना पुरावा पुसला जाऊ नये म्हणून
संगणकीय स्मृतीची तपासणी आणि माहितीची विश्वासार्हता

औषधाची गोळी कसाला लावायची तर ती विरघळवावी लागते आणि धान्याची प्रत पाहायची तर मूठभर दाणे भरडावे लागतात. संगणकाच्या स्मृतीचेही काहीसे तसेच आहे. एखादी स्मृती चिप चांगली आहे की सदोष, हे नक्की ठरवायचे तर तिच्यात काहीतरी लिहून ते जसेच्या तसे परत वाचता येते का हे पाहावे लागते. आणि लिहिले की आधीचे पुसले जाते. स्मृतीत आधीपासून असलेली माहिती मोलाची असेल, एखाद्या खटल्याचा निकाल तिच्यावर अवलंबून असेल, तर तपासणी हेच तिच्या नाशाचे कारण ठरू शकते. म्हणूनच तपासणीच्या आधी, तपासणी चालू असताना आणि तपासणीनंतर माहिती तीच राहिली, हे सिद्ध करण्याचे एक स्वतंत्र शास्त्र विकसित झाले आहे. या प्रश्नाची कायदेशीर बाजू देशासाठी ठरवून देणारा खटला मराठवाड्यातून, औरंगाबाद खंडपीठातून गेला, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात नसते.

जालन्याचा खटला

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून शिवसेनेचे अर्जुन खोतकर यांना ४५,०७८ तर काँग्रेसचे कैलास गोरंट्याल यांना ४४,७८२ मते मिळाली. फरक अवघा २९६ मतांचा. उमेदवारी अर्ज दाखल करण्याची मुदत २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी ३ वाजता संपत होती. खोतकर यांचे अर्ज ही वेळ उलटून गेल्यावर सादर झाले, असा आक्षेप घेऊन निवडणुकीला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात आव्हान देण्यात आले. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या दालनाच्या आत आणि बाहेर त्या दिवशी व्हिडिओ चित्रण चालू होते. साहजिकच सारा वाद त्या चित्रणाशी येऊन ठेपला.

न्यायालयासमोर आल्या त्या चित्रणाच्या सीडी, म्हणजे नकला. ज्या उपकरणांच्या स्मृतीत चित्रण प्रथम नोंदले गेले ती मूळ उपकरणे नव्हेत. भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब नुसार अशा नकलेसोबत ती कोणत्या उपकरणातून, कशी तयार झाली याचे लेखी प्रमाणपत्र लागत असे. गोरंट्याल यांनी ते वारंवार मागूनही अधिकाऱ्यांकडून मिळाले नाही. खंडपीठाने निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या तोंडी साक्षीचा आधार घेऊन कायद्याची पुरेशी पूर्तता झाल्याचे मानले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये ही निवड रद्द ठरवली.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्या. रोहिंटन नरिमन, न्या. एस. रवींद्र भट आणि न्या. व्ही. रामसुब्रमणियन यांच्या पीठाने १४ जुलै २०२० रोजी निकाल दिला. मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले तर प्रमाणपत्राची गरज नाही. मात्र नक्कल सादर करायची असेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे आणि तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही, हे तत्त्व या निकालाने पक्के केले. त्याच वेळी, प्रमाणपत्र मिळवण्यासाठी शक्य ते सारे प्रयत्न करूनही ज्याच्या हाती ते दिले गेले नाही, त्याला त्याची शिक्षा भोगायला लावता येणार नाही, असेही न्यायालयाने म्हटले आणि खोतकर यांचे अपील फेटाळले. तोवर त्या विधानसभेची मुदत संपून काही महिने झाले होते. एका दुपारच्या काही तासांचे चित्रण सुमारे सहा वर्षे वाचनीय आणि विश्वसनीय राहणे किती आवश्यक होते, हे या तारखांवरून ध्यानात येते.

नुसत्या जोडणीनेही बदल

पेन ड्राइव्ह संगणकाला जोडून त्यातील फाइल पाहिली, एवढ्याने काय बिघडते, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात सर्वसाधारण संगणक जोडलेल्या साधनावर न विचारता लिहीत असतो. विंडोज प्रणाली त्यावर स्वतःचे छुपे फोल्डर तयार करू शकते. फाइल शेवटची कधी उघडली याची तारीख बदलू शकते. विषाणूरोधक प्रणाली एखादी संशयित फाइल परस्पर हलवते किंवा पुसून टाकते. माहितीचा आशय तोच राहिला तरी तिच्या भोवतीच्या नोंदी बदलतात, आणि प्रतिपक्षाच्या वकिलाला तेवढे पुरते. जप्तीनंतरच्या तारखेची एक जरी नोंद साधनावर सापडली, तरी बाकीच्या माहितीवर संशयाची छाया पडते.

यावर न्यायवैद्यक प्रयोगशाळांनी योजलेला उपाय म्हणजे लेखन-प्रतिबंधक, अर्थात राइट ब्लॉकर. तपासायचे साधन आणि तपासणारा संगणक यांच्या मध्ये बसणारे हे छोटे उपकरण वाचनाच्या आज्ञा पलीकडे जाऊ देते, लेखनाच्या आज्ञा मात्र अडवते. अमेरिकेतील राष्ट्रीय मानके संस्था अशा उपकरणांच्या आणि आज्ञावलींच्या चाचण्या घेऊन त्यांचे अहवाल प्रसिद्ध करते. म्हणजे तपासणीचे साधनही आधी तपासलेले असते.

लेखन-प्रतिबंधक लावल्यानंतर मूळ साधनाची बिट-प्रत काढतात. ही साधी ‘कॉपी’ नव्हे. साध्या नकलेत दिसणाऱ्या फाइली तेवढ्या येतात. बिट-प्रतीत साधन वाचू देईल तो प्रत्येक विभाग, पुसलेल्या फाइलींच्या शिल्लक खुणा आणि रिकामी जागासुद्धा येते. पुढचे सारे काम या प्रतीवर चालते. मूळ साधन पुन्हा मोहोरबंद होते. डिजिटल पुरावा ओळखणे, गोळा करणे आणि जपणे यासाठीचे २०१२ चे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ-आयईसी २७०३७ याच शिस्तीचा आग्रह धरते.

अंकांची मोहोर

प्रत मूळासारखीच आहे, हे कसे ओळखायचे? पूर्वी मुद्देमालाच्या पाकिटावर लाखेची मोहोर उमटवीत. माहितीच्या बाबतीत तेच काम ‘हॅश’ नावाची गणिती संख्या करते. साधनातील सगळे बिट एका ठरावीक गणितातून नेले की शेवटी एक निश्चित लांबीची संख्या हाती येते. एसएचए-२५६ या पद्धतीत ती २५६ बिटांची असते आणि ६४ चिन्हांत लिहिली जाते. मूळ माहिती एका पानाची असो वा शेकडो गिगाबाइटची, हॅशची लांबी तेवढीच. मात्र त्या सगळ्या माहितीतील एक बिट जरी पालटला, तरी हॅश ओळखू येणार नाही इतका बदलतो.

जप्तीच्या वेळी पंचांसमक्ष काढलेला हॅश पंचनाम्यात लिहिला, प्रयोगशाळेत पुन्हा काढला आणि दोन्ही जुळले, तर मधल्या काळात वाचता येणारी माहिती बदलली नाही असे खात्रीने म्हणता येते. पण या मोहोरेलाही मर्यादा आहेत. पहिली अशी, की हॅश काढण्यापूर्वी काय घडले हे ती सांगू शकत नाही. जप्तीनंतर महिन्याने काढलेला हॅश त्या महिन्याबाबत मौन पाळतो. दुसरी मर्यादा पद्धतीची. एमडी-५ या जुन्या पद्धतीत एकच हॅश देणाऱ्या दोन वेगळ्या माहिती बनवता येतात, हे २००४ मध्ये दाखवले गेले. एसएचए-१ बाबत तेच २०१७ मध्ये सिद्ध झाले. त्यामुळे नवी नोंद एसएचए-२५६ ने करणे श्रेयस्कर.

फ्लॅश स्मृतीचा स्वभाव

चुंबकीय हार्ड डिस्कच्या काळात वरील पद्धत बऱ्याच अंशी पुरेशी होती. पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, मोबाइल आणि एसएसडी यांतील फ्लॅश स्मृतीने मात्र नवे प्रश्न उभे केले. या स्मृतीत माहिती विद्युतभाराच्या रूपाने अतिसूक्ष्म पेशींत साठवलेली असते. लिहिताना ती पानापानाने लिहिता येते. पुसताना मात्र अनेक पानांचा आख्खा ठोकळा पुसावा लागतो, आणि प्रत्येक ठोकळा मर्यादित वेळाच पुसता येतो. हे व्यवस्थापन साधनाच्या पोटातील नियंत्रक चिप पाहते. वापरकर्त्याने फाइल पुसली, की ती जागा मोकळी झाल्याचे संगणक एसएसडीला ‘ट्रिम’ या आज्ञेने कळवतो. मग नियंत्रक सवडीने ते ठोकळे साफ करतो.

अडचण अशी, की या सफाईसाठी बाहेरच्या संगणकाची गरज नसते. वीजपुरवठा मिळाला तरी पुरते. लेखन-प्रतिबंधक बाहेरून येणारी आज्ञा अडवतो, पण साधनाच्या आत चाललेले काम त्याला दिसतही नाही. ऑस्ट्रेलियातील मर्डोक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये केलेल्या प्रयोगांत एसएसडीवरील पुसलेली माहिती अशा रीतीने मिनिटांच्या अवधीत नाहीशी होताना आढळली. म्हणून जप्त एसएसडी उगाच चालू करून पाहणे धोक्याचे असते; आणि पुसलेल्या भागाचा हॅश दोन वेळा वेगवेगळा आला, तर ती लबाडीच असेल असेही नाही.

दुसरा प्रश्न उष्णतेचा आहे. पेशींतील विद्युतभार काळानुसार झिरपत जातो आणि तापमान वाढले की झिरपण्याचा वेग वाढतो. स्मृती उद्योगाच्या जेडेक या मानक संस्थेने घरगुती वापराच्या एसएसडीसाठी घातलेली अट पुरेशी बोलकी आहे: ठरवून दिलेले लेखन पूर्ण झालेले, म्हणजे आयुष्य वापरून संपलेले साधन ३० अंश सेल्सिअसला, विजेविना, एक वर्ष माहिती टिकवू शकले पाहिजे. मोठ्या सर्व्हरमधील साधनांसाठी हीच अट ४० अंशांना तीन महिने अशी आहे. नव्या, कमी वापरलेल्या साधनात माहिती याहून कितीतरी अधिक काळ टिकते. तरीही एप्रिल-मेमध्ये मराठवाड्याचा पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत तो आणखी चढतो, हे लक्षात घेता मुद्देमालाच्या कपाटात वर्षानुवर्षे पडलेल्या मेमरी कार्डाची काळजी वाटणे रास्त आहे. पाकिटावरची लाख शाबूत असेल आणि आतली माहिती विरलेली असेल, असे घडू शकते. उपाय साधा आहे. बिट-प्रत लवकर काढावी, ती दोन वेगवेगळ्या साधनांवर ठेवावी आणि ठरावीक काळाने हॅश पडताळून पाहावा.

तपासणाऱ्याचीही तपासणी

मूळ साधन निर्दोष असून तपासणारा संगणकच सदोष असेल तर? प्रत काढताना प्रत्येक बिट त्या संगणकाच्या कार्यकारी स्मृतीतून, म्हणजे रॅममधून जातो. रॅमच्या पेशीतला भार इतका क्षणिक असतो की तो सेकंदात अनेकदा, साधारणपणे दर ६४ सहस्रांश सेकंदांनी, नव्याने भरावा लागतो. गुगलच्या सर्व्हरचा अभ्यास करून टोरांटो विद्यापीठाच्या सहकार्याने २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार, एका वर्षात आठ टक्क्यांहून अधिक रॅमपट्ट्यांत किमान एक चूक आढळली. किरणोत्सारी कण किंवा अंतराळातून येणारे वैश्विक किरणही एखादा बिट पालटू शकतात.

१८ मे २००३ रोजी बेल्जियममधील शारबेक येथे झालेल्या निवडणुकीत एका उमेदवाराला शक्य होती त्याहून अधिक मते पडल्याचे संगणकाने दाखवले. फेरमोजणीत फरक नेमका ४,०९६ निघाला. हा आकडा म्हणजे दोनाचा बारावा घात. म्हणजेच स्मृतीतील तेरावा बिट शून्याचा एक झाला होता. आज्ञावलीत दोष सापडला नाही. वैश्विक किरणाने बिट पालटला असावा, असा निष्कर्ष काढला गेला. तो प्रत्यक्ष सिद्ध करणे अर्थातच शक्य नव्हते. चूक उघड झाली ती आकडा अशक्य होता म्हणून. तो शक्य कोटीतला असता तर?

यासाठी महत्त्वाच्या कामाच्या संगणकांत चूक-दुरुस्ती करणारी, ‘ईसीसी’ रॅम वापरतात. रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये मांडलेल्या संकेतपद्धतीच्या आधारे ती माहितीसोबत काही जादा बिट साठवते. त्यामुळे एक बिट चुकला तर दुरुस्त होतो आणि दोन चुकले तर निदान कळते. शिवाय रॅमची नियमित चाचणी घ्यावी लागते. मेमटेस्टसारखी आज्ञावली संगणक सुरू होतानाच चालते आणि प्रत्येक पेशीत शून्य व एक यांचे नमुने कधी चढत्या, कधी उतरत्या क्रमाने लिहून परत वाचते. क्रम बदलण्याचे कारण असे, की काही पेशी स्वतः अडकलेल्या असतात, तर काही शेजारच्या पेशीत लिहिले गेल्यावरच बिघडतात. दुसऱ्या प्रकारचा दोष एकाच दिशेच्या चाचणीत निसटू शकतो. एक जरी चूक दिसली तरी तो संगणक पुराव्याच्या कामातून बाजूला काढणेच योग्य.

मतदान यंत्रांचा प्रश्न

तपासणीने माहिती पुसली जाण्याचा प्रश्न अलीकडे मतदान यंत्रांच्या निमित्ताने पुन्हा ऐरणीवर आला. सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी दिलेल्या निकालात, दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील ५ टक्के यंत्रांच्या सूक्ष्मनियंत्रकातील कायम कोरलेल्या स्मृतीची पडताळणी निकालानंतर सात दिवसांत मागण्याची मुभा दिली. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीनंतर महाराष्ट्रातही अनेक पराभूत उमेदवारांनी असे अर्ज केले. परंतु यंत्र तपासण्यासाठी अभिरूप मतदान घ्यायचे, तर यंत्रातील आधीची मते पुसावी लागतात आणि चिन्हे पुन्हा भरावी लागतात. मग तपासले काय, मूळ यंत्र की नव्याने भरलेले? फेब्रुवारी २०२५ मध्ये या मुद्द्यावरील सुनावणीत न्यायालयाने पडताळणीच्या वेळी माहिती पुसू नये किंवा पुन्हा भरू नये, असे आयोगाला बजावले. त्याच वर्षी आयोगाने आपल्या कार्यपद्धतीत बदल केले. निवडणुकीविषयी कोणाचे मत काहीही असो, तपासणीचे हे तत्त्व सर्वांना समान आहे: आधी जतन, मग चाचणी.

नवा कायदा, वाढते काम

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला आणि जुन्या कलम ६५-ब ची जागा कलम ६३ ने घेतली. प्रकाशीय आणि चुंबकीय माध्यमांच्या जोडीला ‘अर्धवाहक स्मृती’चा उल्लेख या कलमात स्पष्टपणे आला आहे. प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत. एक नोंद सादर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. आणि दोन्हींत हॅश व तो काढण्याची पद्धत नमूद करायची असते. जालन्याच्या खटल्यात जी माहिती मिळवण्यासाठी धडपड करावी लागली, ती आता विहित नमुन्यातच मागितली जाते.

याच दिवशी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचे दृक्‌-श्राव्य चित्रण बंधनकारक केले. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची तरतूदही तिच्यात आहे. साहजिकच प्रत्येक गुन्ह्यामागे तपासायच्या आणि जपायच्या स्मृती साधनांची संख्या वाढणार. छत्रपती संभाजीनगरात राज्याची प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आहे, शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे आणि विद्यापीठाच्या परिसरात इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था, नायलिट, आहे. न्याय, न्यायवैद्यक आणि इलेक्ट्रॉनिकी या तिन्ही शाखा एकाच शहरात असणे ही मोठी सोय होय. या विषयाचे प्रशिक्षित मनुष्यबळ इथेच घडवण्यास चांगला वाव आहे.

आपण काय करावे?

हे सारे पोलिस आणि वकिलांपुरते नाही. दुकानातील सीसीटीव्हीची हार्ड डिस्क भरली की सर्वांत जुने चित्रण आपोआप पुसले जाते. त्यामुळे एखादी घटना घडल्यास ते चित्रण लगेच जपण्याची व्यवस्था करावी. यंत्रातील घड्याळ आणि प्रमाणवेळ यांत किती मिनिटांचा फरक आहे, हेही त्याच वेळी लिहून ठेवावे. तीन वाजण्याआधी की नंतर, यावर निवडणूक अवलंबून असू शकते, हे आपण पाहिलेच. मूळ साधन विकू नये, त्यातील माहिती पुसू नये.

नवीन पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड घेतल्यावर त्यात काही ठेवण्याआधीच त्याची पूर्ण चाचणी करावी. बाजारात खोटी क्षमता दाखवणारी साधने असतात. ‘६४ जीबी’ असे नाव मिरवणाऱ्या साधनात खरी जागा ८ जीबी असेल, तर त्यापुढे लिहिलेले मुकाट्याने हरवते. संपूर्ण साधन भरून ते परत वाचणाऱ्या मोफत आज्ञावली उपलब्ध आहेत. मात्र वापरात असलेल्या साधनावर लेखनाची चाचणी चालवण्यापूर्वी आतील माहिती दुसरीकडे उतरवून घ्यावी. साधन आचके देऊ लागले असेल, तर चाचणी करतच बसू नये. प्रत्येक जादा फेरी त्याचे उरलेले आयुष्य खर्च करते.

जमिनीची कागदपत्रे, छायाचित्रे, संस्थेचे हिशेब अशा फाइलींचा हॅश काढून कागदावर लिहून ठेवणे कठीण नाही. विंडोजमधील ‘सर्टयूटिल’ आणि लिनक्समधील ‘एसएचए-२५६-सम’ या आज्ञा संगणकात असतातच. वर्षातून एकदा साधन चालू करून सर्व फाइली वाचाव्यात, हॅश जुळवावा आणि दोन प्रती दोन ठिकाणी, शक्यतो थंड व कोरड्या जागी ठेवाव्यात. स्मृती साधनाच्या शब्दावर विसंबून न राहता त्याला अधूनमधून विचारत राहणे आणि विचारण्याआधी त्याच्या उत्तराची एक प्रत सुरक्षित ठेवणे, एवढी शिस्त पाळली तर माहितीची विश्वासार्हता टिकवणे सामान्य माणसाच्याही आवाक्यात आहे.